शेजाऱ्याची बंदी, आपली तिजोरी

1 एप्रिल 1991 ला अमेरिकेतल्या आयोवा राज्याने मिसिसिपी नदीत जुगाराच्या बोटी सोडल्या. ऐंशीच्या दशकात शेती कर्जात बुडाली होती, ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं बनवणारे कारखाने बंद पडले होते आणि नदीकाठच्या गावांतली तरुण मुलं बाहेर पडत होती. गावात पर्यटक यावेत, हाताला काम मिळावं, म्हणून हा मार्ग काढला गेला. आमदारांनी तो सावधपणेच काढला होता. एका डावावर जास्तीत जास्त 5 डॉलर लावायचे आणि एका फेरीत कोणी 200 डॉलरपेक्षा जास्त हरायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. त्याच वर्षी नदीपलीकडच्या इलिनॉयने अशी कुठलीही मर्यादा न घालता बोटींना परवाने दिले. दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्याने तर धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीवरही चोवीस तास जुगार चालेल असं ठरवलं. 1992 मध्ये ‘डायमंड लेडी’ आणि ‘एमराल्ड लेडी’ या आयोवातल्या दोन बोटींनी नांगर उचलला आणि त्या नदीच्या प्रवाहासोबत खाली, समुद्रकाठच्या बिलोक्सी गावी निघून गेल्या. त्यांच्या भरवशावर धक्के बांधलेली गावं मागे राहिली. दोन वर्षांनी, 1994 मध्ये, आयोवाने दोन्ही मर्यादा काढून टाकल्या.

कॅसिनोचं प्रादेशिक अर्थकारण समजून घ्यायला मला ही लहानशी हकिगत सगळ्यात उपयोगी वाटते. शेजारचं राज्य जेवढं सैल, तेवढं आपल्यालाही सैल व्हावं लागतं. आणि शेजारी अजिबात सैल नसेल, त्याच्याकडे पूर्ण बंदी असेल, तर मात्र आपली चांदी.

याचं कारण या धंद्याच्या घडणीतच आहे. साखर कारखाना किंवा सूतगिरणी आपला माल बाहेर पाठवते आणि बाहेरचा पैसा गावात आणते. कॅसिनोचा माल कुठेच पाठवता येत नाही, गिऱ्हाइकालाच दारात यावं लागतं. ते गिऱ्हाईक गावातलंच असेल तर त्याने टेबलावर हरलेला पैसा गावातल्याच कापडाच्या दुकानातून, खानावळीतून, मुलांच्या शिकवणीतून वळलेला असतो. गावाच्या एकूण उत्पन्नात त्याने भर पडत नाही. भर पडते ती बाहेरून आलेल्या माणसाच्या पैशाने. तो बाहेरचा माणूस एवढ्या लांब का येतो? मुख्यतः त्याच्या घराजवळ ही सोय नसते म्हणून. रुलेटचं चाक सगळीकडे तेच. युरोपीय चाकावर 37 घरं असतात आणि जिंकलेल्याला 36 पट धरून पैसे मिळतात, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी 2 रुपये 70 पैसे मालकाकडे राहतात. अमेरिकेतल्या बहुतेक चाकांवर आणखी एक शून्य असतं, तिथे हा वाटा सव्वापाचवर जातो. मालच एकसारखा असल्यावर गुणवत्तेवर स्पर्धा करायला जागा थोडी उरते. स्पर्धा होते ती अंतरावर. घरापासून गाडीने किती तास, यावर गिऱ्हाईक कुणाचं ते ठरतं. म्हणून कॅसिनो चालवणाऱ्या राज्याचं खरं भांडवल शेजाऱ्याच्या कायद्यात असतं. ‘बाजार संपृक्त झाला’ असं गुंतवणूकदार म्हणतात तेव्हा, माझ्या मते, प्रत्यक्षात घडलेलं असतं ते एवढंच की शेजाऱ्याने बंदी उठवलेली असते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते न्यू जर्सी राज्यातल्या अटलांटिक सिटीत. एकेकाळी पूर्व किनाऱ्यावरचं हे आवडीचं विहाराचं गाव. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर लोक फ्लोरिडाला जाऊ लागले आणि गाव ओस पडत गेलं. 1974 मध्ये राज्यभर कॅसिनो खुले करण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. 1976 मध्ये तोच प्रस्ताव फक्त या एका शहरापुरता आणला गेला, महसूल वृद्ध आणि अपंगांच्या योजनांसाठी राखून ठेवण्याचं वचन दिलं गेलं, आणि तो मंजूर झाला. 26 मे 1978 ला ‘रिसॉर्ट्स इंटरनॅशनल’ उघडलं. बाहेर रांगा लागल्या आणि कंपनीने घातलेला पैसा वर्षभरातच वसूल झाला. नेवाडा सोडलं तर अख्ख्या अमेरिकेत कायदेशीर कॅसिनो फक्त इथे होते आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क ही दोन महानगरं होती. कर होता उत्पन्नाच्या 8 टक्के. याहून चांगली स्थिती कुठल्याही धंद्याला क्वचितच मिळाली असेल.

गिऱ्हाईक कसं येत होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या वस्त्यांतून सकाळी बस निघायच्या. त्यांत बरेचसे निवृत्त लोक असायचे. बसमधून उतरल्यावर प्रत्येकाच्या हातात कॅसिनोकडून नाण्यांची एक गुंडाळी किंवा कूपन पडायचं, साधारण बसभाड्याची भरपाई होईल एवढं. ती नाणी हमखास स्लॉट मशिनमध्ये जायची आणि त्यांच्यामागून पाकिटातलीही. काही तासांनी तीच बस परत निघायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शहराला वर्षाला तीन कोटींहून जास्त भेटी होत होत्या, पण त्यातले बहुतेक लोक रात्री मुक्कामाला थांबत नसत. समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत जायचं त्यांना काही कारणच नव्हतं. तिथली घरं मोडकळीला आली होती आणि तशीच राहिली. 1970 मध्ये शहराची लोकसंख्या 48 हजारांच्या घरात होती, 2020 मध्ये ती 38 हजारांवर आली. अब्जावधी डॉलरची उलाढाल झालेल्या या शहरात वाणसामान आणि ताजी भाजी एका छताखाली मिळेल असं एक पूर्ण सुपरमार्केटसुद्धा कित्येक वर्षं नव्हतं. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते. शहर बुडालं ते शेजाऱ्यांनी कॅसिनो उघडल्यावर, असं सांगितलं जातं. पण शेजारी बहुतांशी गप्प बसले होते ती अठ्ठावीस वर्षं कुणी उधळली?

कॅसिनोंची गर्दी वाढू शकते, पण गिऱ्हाईक तेवढंच राहतं, हे खरं तर 1990 मध्येच दिसलं होतं. त्या एप्रिलमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे अब्जभर डॉलर खर्चून, 14 टक्के व्याजाच्या रोख्यांवर, ‘ताज महाल’ उभा केला. मार्विन रॉफमन या विश्लेषकाने आधीच सांगितलं होतं की उन्हाळा सरल्यावर याचा खर्च निघणार नाही. ट्रम्प यांनी दाव्याची धमकी दिली आणि रॉफमन यांची नोकरी गेली. 1991 मध्ये ताज दिवाळखोरीत गेला. त्याने आणलेलं गिऱ्हाईक बरंचसं त्याच शहरातल्या, ट्रम्प यांच्याच दुसऱ्या दोन कॅसिनोंतून ओढलेलं होतं.

मग शेजारी जागे झाले. डेलावेअरने 1995 च्या अखेरीस घोड्यांच्या रेसकोर्सवर स्लॉट मशिन बसवली. खरा घाव घातला पेनसिल्व्हेनियाने. 2004 मध्ये कायदा झाला, 2006 च्या नोव्हेंबरात पहिला कॅसिनो उघडला आणि डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या अगदी वेशीवरचा. ज्या वस्त्यांतून पूर्वी बस निघायच्या, तिथल्या माणसाला आता वीस मिनिटांत मशिन मिळू लागलं. बेथलहेम गावात जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर 2009 मध्ये कॅसिनो आला आणि न्यूयॉर्कच्या चिनी वस्त्यांतून तिकडे बस सुरू झाल्या. 2010 मध्ये पेनसिल्व्हेनियाने टेबलवरचे खेळही खुले केले. 2011 मध्ये न्यूयॉर्क शहरातच, विमानतळाजवळच्या रेसकोर्सवर, हजारो मशिन लागली. कॅसिनोच्या उत्पन्नात न्यू जर्सीचा देशातला दुसरा क्रमांक 2012 मध्ये पेनसिल्व्हेनियाने घेतला.

अटलांटिक सिटीचं उत्पन्न 2006 मध्ये 5.2 अब्ज डॉलर होतं, 2013 पर्यंत ते तीन अब्जांच्या खाली आलं. एवढं दिसत असतानाही 2012 मध्ये 2.4 अब्ज डॉलर खर्चून ‘रेव्हल’ नावाचा काचेचा मनोरा उघडला. त्याचं बांधकाम अर्ध्यात अडकलं होतं, मॉर्गन स्टॅन्ली ही बँक आपला पैसा बुडीत धरून बाहेर पडली होती, आणि राज्य सरकारने 261 दशलक्ष डॉलरची करसवलत देऊन तो पुरा करायला लावला. 2014 या एका वर्षात शहरातल्या बारापैकी चार कॅसिनो बंद पडले, त्यात रेव्हलही होता, आणि सुमारे 8 हजार लोकांचं काम गेलं. पुढच्या वर्षी रेव्हलची इमारत 82 दशलक्षांना विकली गेली. 2016 मध्ये ताजही बंद झाला आणि त्याच वर्षी राज्याने दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या महापालिकेचा कारभार हातात घेतला.

इथे एक गोष्ट निसटू देता कामा नये. त्या काळात अमेरिकेतला एकूण जुगार कमी झाला नव्हता. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, न्यूयॉर्क मिळून पाहिलं तर लोक पूर्वीपेक्षा जास्तच हरत होते. अटलांटिक सिटीतही चार बंद झाल्यावर उरलेल्यांचे नफे सुधारले, 2018 मध्ये ताज आणि रेव्हल नव्या नावांनी पुन्हा उघडले आणि आज तिथे नऊ कॅसिनो चालतात. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ही केवळ छाटणी. पण राज्याच्या दृष्टीने मूळ हिशेबच उलटलेला असतो. बाहेरच्या माणसाच्या पैशावर राज्य चालवायचं होतं, आता प्रत्येक राज्य आपल्याच माणसाच्या पैशावर चालवतं. दारू, कर्ज, मोडलेले संसार हा खर्च पूर्वी बसबरोबर परत जायचा, आता तो घरीच राहतो.

न्यू इंग्लंडमध्ये तर ही स्पर्धा किलोमीटर मोजून खेळली गेली. कनेक्टिकटमध्ये मूलनिवासी जमातींचे दोन प्रचंड कॅसिनो आहेत, 1992 चा फॉक्सवुड्स आणि 1996 चा मोहिगन सन. मशिनच्या उत्पन्नातला 25 टक्के वाटा ते राज्याला देत आले, पण बदल्यात राज्याने दुसऱ्या कुणाला मशिन लावू द्यायची नाहीत अशी अट. 2007 च्या आर्थिक वर्षात राज्याला यातून 430 दशलक्ष डॉलर मिळाले. मग 2011 मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने कॅसिनो खुले करणारा कायदा केला. एमजीएम कंपनीने सीमेजवळच्या स्प्रिंगफील्डची निवड केली, कारण कनेक्टिकटचं गिऱ्हाईक हाताच्या अंतरावर होतं. त्याला अडवायला दोन्ही जमाती एकत्र आल्या आणि सीमेच्या आपल्या बाजूला, स्प्रिंगफील्डपासून वीसेक किलोमीटरवर, ईस्ट विंडसर गावात कॅसिनो बांधायचं ठरलं. 2017 मध्ये कनेक्टिकटने त्यासाठी कायदा केला. महामार्गाच्या कडेला बंद पडलेलं एक सिनेमागृह 2018 मध्ये पाडून जागा मोकळी करण्यात आली. एमजीएमने कोर्टकचेऱ्या केल्या, केंद्राची मंजुरी रखडली आणि शेवटी तो बेत गुंडाळला गेला. सिनेमागृह गेलं, कॅसिनो आला नाही. स्प्रिंगफील्डचा कॅसिनो 2018 मध्ये उघडला, पण कंपनीने परवाना मागताना दाखवलेल्या उत्पन्नाच्या जवळपासही तो पोहोचला नाही. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडने आपला जुना कॅसिनो उचलून टिव्हर्टन गावात नेला, मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपासून अक्षरशः चालत जाता येईल इतका जवळ.

अशा वेळी कॅसिनो अडचणीत आला की सरकार काय करतं? डेलावेअरने 2013 मध्ये आपल्या तीन कॅसिनोंना 8 दशलक्ष डॉलरची मदत दिली. सरकारी तिजोरीत पैसा येईल म्हणून चालवलेल्या धंद्याला त्याच तिजोरीतून टेकू द्यावा लागणं, ही या वाटेवरची ठरलेली पायरी आहे. महसुलाची सवय लागली की सरकार नियंत्रक राहत नाही, ते भागीदार होतं, आणि भागीदाराला धंदा बंद करायला सांगता येत नाही.

आशियात दोन वेगळी उदाहरणं आहेत. मकावमध्ये स्टॅन्ली हो यांची चाळीस वर्षांची मक्तेदारी 2002 मध्ये संपली. अमेरिकी कंपन्या आल्या आणि 2006 मध्ये मकावने लास व्हेगासच्या मुख्य रस्त्याला मागे टाकलं. सगळा भार मुख्य भूमीतल्या चिनी गिऱ्हाइकावर, म्हणजे पुन्हा शेजाऱ्याच्या बंदीवरच. 2014 मध्ये बीजिंगने भ्रष्टाचारविरोधी मोहीम कडक केली आणि मकावचं उत्पन्न कोसळलं. सिंगापूरने 2010 मध्ये फक्त दोन परवाने दिले आणि स्वतःच्या नागरिकांवर दिवसाला 100 सिंगापूर डॉलर प्रवेशशुल्क बसवलं, जे 2019 मध्ये 150 झालं. आपण बाहेरच्याच्या पैशावर धंदा करतो आहोत, हे सिंगापूरने निदान उघडपणे मान्य केलं आणि संख्या स्वतःच्या हातात ठेवली.

आता गोव्याकडे येऊ. 1976 साली न्यू जर्सीत मतदान झालं, त्याच साली गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगारविरोधी कायदा झाला, आणि त्याच साली महाराष्ट्राने कॅसिनोवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा केला. पुढे वाटा फुटल्या. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत मशिन आणि 1996 मध्ये बोटींवर टेबलचे खेळ यांना वाट करून दिली. आज पणजीसमोर मांडवीत सहा कॅसिनो बोटी उभ्या आहेत. संध्याकाळी धक्क्यावर रांग लागते. तिकिटाच्या रकमेत जेवण, दारू आणि काही चिप्स धरलेल्या असतात, आणि फेरीबोट माणसांना नदीतल्या कॅसिनोवर सोडते. फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना खेळायला प्रवेश बंद आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण त्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. गोव्याचा हा धंदा आता जवळजवळ पूर्णपणे महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, तेलंगणा आणि दिल्लीकडच्या पाहुण्यांच्या खिशावर उभा आहे, म्हणजे त्या राज्यांतल्या बंदीवर.

महाराष्ट्राचा 1976 चा कायदा कधी लागूच झाला नाही. सत्तेचाळीस वर्षं तो पुस्तकात पडून राहिला. मधून मधून कुणीतरी उच्च न्यायालयात जाऊन तो अमलात आणा म्हणायचं, आणि महसुलाची स्वप्नं दाखवली जायची. 2023 मध्ये सरकारने तो रद्दच केला. महाराष्ट्राने हे केलं ते चांगलं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबई किंवा सिंधुदुर्गात कॅसिनो उघडला असता तर गिऱ्हाईक बव्हंशी आपलंच असतं. गोव्याला जाणारा पैसा परत मिळवण्याच्या नावाखाली आज गोव्याला न जाणारी लाखो माणसं त्यात ओढली गेली असती. पेनसिल्व्हेनियात हेच घडलं. पण महाराष्ट्राच्या त्या निर्णयाने सगळ्यात मोठा दिलासा मिळाला तो मांडवीतल्या बोटींना, हेही तितकंच खरं.

गोव्याची ही मक्तेदारी टिकेलच असं मात्र नाही. डेल्टा कॉर्प ही या क्षेत्रातली शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. तिचे कॅसिनो गोव्यात आहेत, सिक्कीमच्या गंगटोकात आहेत. 2014 मध्ये तिने दमणला मोठं हॉटेल बांधलं. दमणलाही 1976 चा तोच कायदा लागू आहे, त्यामुळे परवाना मिळेल अशी आशा होती, पण तो मिळाला नाही. नकाशावर पाहिलं तर मुद्दा लगेच कळतो. मुंबईहून दमण गाडीने तीन-चार तासांवर, गुजरात तर दारातच. ज्या दिवशी दमणला परवाना मिळेल, त्या दिवशी गोव्याला आपला पेनसिल्व्हेनिया भेटेल. तिकडे कोलंबोत 2025 च्या ऑगस्टमध्ये ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ उघडलं, मकावमधल्याच कंपनीच्या कॅसिनोसह. त्याची नजर भारतीय पाहुण्यांवर आहे हे लपलेलं नाही. नेपाळच्या कॅसिनोंचं तर भारतीय गिऱ्हाईक हेच जुनं भांडवल.

आणि आता कर. ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. दहा हजारांच्या चिप्स घेतल्या की चार हजार कर. त्या चिप्स रुलेटवर एकदाच लावल्या तर कॅसिनोकडे सरासरी राहतात 270 रुपये. तोच पैसा रात्रभर पुन्हा पुन्हा फिरतो, म्हणून हा धंदा चालतो, पण खेळणाऱ्याच्या लक्षात येईल की कोलंबोच्या विमानात बसलं तर हा चार हजारांचा भार नाही. जुगारावर कर जड असावा याला माझा विरोध नाही. मात्र यामुळे बडे खेळाडू बाहेर जातील आणि बोटींवर उरतील सुट्टीला आलेले, हौसेने दोन-पाच हजार घालवणारे तरुण, याचा विचार व्हायला हवा. त्या तरुणांच्या राज्यांना त्याबद्दल गोव्याने कधी विचारलेलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारणा केलेली नाही.

तिकडे अमेरिकेत न्यूयॉर्कने 2025 च्या अखेरीस शहरातच तीन पूर्ण कॅसिनोंना परवाने दिले आहेत. अटलांटिक सिटीचा उरलासुरला न्यूयॉर्ककर त्याने कमी होईल. न्यू जर्सीने 2013 पासून घरबसल्या फोनवर कॅसिनो खेळायला परवानगी दिली आहे. त्यातून 2024 मध्ये सुमारे 2.4 अब्ज डॉलर आले, समुद्रकाठच्या नऊ कॅसिनोंतून 2.8 अब्ज. फोनवर खेळणाऱ्याला बस लागत नाही, खोली लागत नाही, वेटर लागत नाही. ज्या रोजगारासाठी 1976 मध्ये मतं मागितली होती, तो रोजगार या पैशात फारसा नाही. भारतात केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याचा फायदाही सध्या प्रत्यक्ष कॅसिनोंनाच.

गोव्यात मांडवीतल्या बोटी हलवण्याचं आश्वासन जवळजवळ प्रत्येक सरकारने दिलं आहे आणि प्रत्येक सरकारने त्यांना मुदतवाढही दिली आहे. मोपाचा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात जमिनीवर मोठा कॅसिनो-पर्यटन प्रकल्प आणण्याच्या हालचाली आहेत. त्याला स्थानिकांचा विरोध आहे. अशा प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी सरकारने विधानसभेत तीन आकडे ठेवावेत. पाहुणे कुठल्या राज्यातून किती येतात, त्यांतले किती जण एका रात्रीच्या पलीकडे थांबतात, आणि आजवर आलेल्या परवाना-शुल्कातून पणजीच्या गटारांवर, रस्त्यांवर आणि मांडवीच्या पाण्यावर नेमका किती खर्च झाला. दमण अजून बंद आहे, महाराष्ट्र बंद आहे, कर्नाटक आणि गुजरात बंद आहेत. हे आकडे मागायला आत्ताच वेळ आहे.